योसेफच्या गोळीची चौकशी

नवापूरच्या अलीकडच्या रेल्वे फाटकावर योसेफ फाटकवाला म्हणून नेमलेला होता. ही गोष्ट दप्तरात होती. योसेफ मात्र फाटकावर क्वचितच असे. फाटक लावायला तो कधी विसरला नाही. उघडायला विसरे. समोरून मुंगूस पळालं की हे महाशय किल्लीसकट त्याच्या मागे! गाडी निघून जाई, बैलगाड्यांची रांग लागे आणि गाडीवान त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. संध्याकाळी डोकं थाऱ्यावर यावं म्हणून तो मोहाची घेई. नोकरी जायच्या बेतात होती, आणि तिच्याबरोबर फाटकाशेजारची खोलीही.

शेवटी बायको, सुसाना, त्याला हाताला धरून मिशनच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. लढाईवरच्या शिपायांना जागं ठेवणारी गोळी अशा सैरभैर माणसाला उलट शांत करते, असं डॉक्टरांनी कुठंसं वाचलं होतं. रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. आणि काय सांगावं! योसेफ फाटकावर बसू लागला. महिन्याभरात बाटलीही सुटली.

पण माणूस आपणहून सुधारला की वरच्यांना संशय येतो. 'सदर इसम गोळीच्या आहारी जाण्याचा संभव' तपासायला तिघांची समिती आली. एक सदस्य बिडीवर बिडी पेटवत होते, दुसरे तपकीर ओढत होते. अध्यक्ष जालमसिंग साहेबांनी तंबाखूचा विडा गालात सरकवून विचारलं, "गोळीशिवाय राहवत नाही ना तुला?"

योसेफ विचारात पडला. मग बायकोकडे वळून म्हणाला, "आज गोळी खादी का व मी?"

"दखा साहेब!" सुसाना उसळली. "मी याद करी देस तव्हय गोळी खास हाऊ माणूस. व्यसन ऱ्हातं तं याद करनी पडती का?"

समितीनं तिची नोंद 'गोळी पुरवणारी स्त्री' अशी केली आणि शास्त्रशुद्ध परीक्षा ठरवली. गोळ्या जप्त. आठवडाभरात योसेफनं गोळी मागितली तर तो व्यसनी. न मागितली तर त्याला तिची गरजच नाही.

तिसऱ्या दिवशी फाटक लावून योसेफ मधमाश्यांच्या मागे गेला. बंगल्यावर चहाला निघालेला समितीचा टांगा फाटकाशी अडला. पायी जाणं हुद्द्याला शोभणारं नव्हतं. चार वाजले. साडेचारला अध्यक्षांचं कपाळ ठणकू लागलं. पाचला ते टांग्यात उभं राहून ओरडले, "अरे, द्या त्याला गोळी! एक काय, दोन द्या! पण फाटक उघडा!"

सुसानानं नवऱ्याला शोधून आणलं आणि फाटक उघडलं. तिसरा कप रिचवून समितीनं निकाल लिहिला: 'गोळी बंद होताच इसमाचं चित्त उडालं. सबब तो व्यसनी. नोकरीवरून कमी करावं.'

"साहेब," भांडी गोणीत भरता भरता सुसाना म्हणाली, "त्याले गोळी कामसाठे लागस. तुमले चहा कसाले लागस?"

"चहाची गोष्ट वेगळी," साहेब गंभीरपणे म्हणाले.

हसलात ना, वाचकहो? हसा, हसा! फक्त उद्या सकाळी चहा न घेता कामावर जाऊन दाखवा. तोवर त्या अहवालाखाली चौथी सही तुमची धरली आहे.