साहेबांच्या पोळीतलं एरंडेल

तलासरी तालुक्यात १९८८ साली एकूण किती गुप्तहेर होते, याची सरकारदरबारी नोंद नाही. माझ्या नोंदीप्रमाणे एक. मी श्यामकांत केळुसकर, दिवसा एका आश्रमशाळेत भूगोल शिकवणारा आणि उरलेल्या वेळात गुन्हेगारांचा कर्दनकाळ. घारीची नजर, मुंगीची चिकाटी आणि बर्फासारखं डोकं, असं मी स्वतःबद्दल म्हणतो, कारण दुसरं कोणी म्हणत नाही. तोवर मी तीन प्रकरणं हाताळली होती: हरवलेली घंटा, हरवलेला पृथ्वीचा गोल आणि हरवलेले पीटीचे सर. तिन्ही आपोआप सापडली. पीटीचे सर लग्नाला गेले होते आणि त्यांचा रजेचा अर्ज माझ्याच टेबलावर पडून होता.

चौथ्या प्रकरणात मात्र गुन्हेगार खरोखर पकडला गेला. कसा, ते सांगताना मला अजून थोडी लाज वाटते. थोडी म्हणजे बरीच.

आमच्या घरात एरंडेल हे औषध नाही, ते राज्य करतं. माझी बायको अहिल्या झाई गावची. डोळे जळजळले की एरंडेल, तळपायाची आग झाली की एरंडेल, बेंबीत एरंडेल, आणि गुडघा दुखला की एरंडेल लावून वर एरंडाचं गरम पान. हे सगळं मी सोसलं असतं, पण दर महिन्याचा पहिला रविवार मला सोसत नाही. त्या सकाळी आल्याच्या चहात दोन मोठे चमचे एरंडेल माझ्यासमोर येतं. मी नाक दाबून ते पितो आणि अहिल्या कप उलटा करून तपासते. एकदा मी तो चहा खिडकीतून बाहेर ओतला होता, तर खाली अहिल्याच भाजी निवडत बसली होती.

तर त्या वर्षी मार्चमध्ये अहिल्या भाच्याच्या बारशासाठी झाईला गेली. जाताना सांगून गेली की वर्षाच्या गव्हाचं पोतं येईल, ते आलं की थोडं थोडं एरंडेल हातावर घेऊन गव्हाला चोळून ठेवा, म्हणजे किडा लागत नाही. इकडे ही पद्धत घरोघर आहे. मी वेंगुर्ल्याचा, आमच्याकडे गहू म्हणजे पाहुणा, त्याला कोण कशाला तेल चोळतंय.

पोतं काही आलं नाही. घरात गहू होता तो डब्यातला, आठेक किलो. आणि समोर एरंडेलाची नवीकोरी बाटली, गळ्यापर्यंत भरलेली. पहिला रविवार दहा दिवसांवर आला होता आणि तोवर अहिल्या परतणार होती. माझं बर्फासारखं डोकं चाललं. बाटली जर गव्हातच संपली, तर रविवारी कपात काय येणार? मी सगळी बाटली डब्यात उपडी केली आणि कोपरापर्यंत हात घालून गहू चोळला. असा चकाकत होता गहू, की त्यात भांग पाडून घ्यावा. बायकोची आज्ञाही पाळली आणि सुटकाही झाली, म्हणून मी त्या दिवशी शीळ घालत हिंडलो.

हे मी तुम्हाला एवढं सविस्तर सांगतोय, कारण पुढे मी संशयितांची जी यादी केली तिच्यात यातलं काहीही नव्हतं.

मंगळवारी शाळेची तपासणी होती. सावे साहेब येणार होते. आमच्या हेडमास्तर राऊत सरांना शेऱ्याची काळजी होती, पण त्यांच्याहून जास्त काळजी होती हिरीला. हिरी रानशेतची. नऊ वर्षं शाळेत रोजंदारीवर पाणी भरत होती, झाडत होती, पाहुणे आले की रांधत होती. साहेबांनी शेरा पुस्तकात दोन ओळी चांगल्या लिहिल्या की ती कायम होणार होती. सोमवारी कळलं की शाळेत भाताला तांदूळ आहे, पोळीला पीठ नाही. मी उदार मनाने घरचा डबा उचलला आणि तुक्याच्या चक्कीवर दळून आणला.

पीठ मळताना हिरी थांबली. बोटं चोळली, वास घेतला आणि मला म्हणाली, "गुरुजी, या पिठात तेल हाय."

मी हसलो. उत्तम प्रतीच्या गव्हाला अंगचंच तेल असतं, असं तिला समजावलं. वर पंजाबातल्या जमिनीबद्दल पाच मिनिटं भूगोलही सांगितला. ती पोळ्या लाटू लागली.

पोळ्या अशा मऊ झाल्या की साहेबांनी गुळाबरोबर सात खाल्ल्या. राऊत सरांनी पाच, गणिताच्या सुदर्शन चुरींनी चार. मला मंगळवारचा उपास होता. हिरी नेहमीप्रमाणे घरून आणलेली नागलीची भाकर खाऊन बसली.

साहेब माझ्या वर्गात आले तेव्हा मी नद्या शिकवत होतो. तापीच्या मुखापर्यंत पोचलो आणि साहेब उठून गेले. परत आले, नर्मदेला पुन्हा गेले. शाळेत शौचालयं दोन, त्यातल्या एकाला कडी नाही. त्या दुपारी राऊत सर, चुरी आणि साहेब यांच्यात पदांची उतरंड काही उरली नाही. साहेबांची जीप डहाणूला पोचेपर्यंत सहा ठिकाणी थांबली, असं ड्रायव्हरने नंतर सांगितलं. शेरा पुस्तक कोरंच राहिलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला: जेवणात काय होतं त्याचा छडा लावा, मी शनिवारी येतो, तोवर स्वयंपाक करणाऱ्या बाईला कामावर घेऊ नका.

हिरी फाटकापाशी येऊन उभी राहिली आणि राऊत सरांनी तिला परत पाठवलं. मला वाईट वाटलं. पण गुप्तहेराने वाईट वाटून घ्यायचं नसतं, म्हणून मी वही उघडली.

पहिला संशय विहिरीवर. मी दोन तांबे पाणी प्यायलो आणि दिवसभर वाट पाहिली. काही झालं नाही. दुसरा संशय गुळावर, कारण तो गुजरातच्या हद्दीतून आला होता आणि हद्द म्हटली की मला आपोआप संशय येतो. मी अर्धी ढेप खाल्ली. दाढ ठणकू लागली, बाकी सगळं जागच्या जागी. तिसरा संशय सुदर्शन चुरींवर, कारण त्यांचा राऊत सरांच्या खुर्चीवर डोळा होता. पण स्वतः चुरी अकरा वेळा जाऊन आले होते, आणि एवढे कष्ट ते गणित शिकवतानासुद्धा घेत नाहीत. जाता जाता त्यांनी मला विचारलं की ठणठणीत तर तुम्हीही आहात, मग तुमचं नाव यादीत का नाही. मी त्यांना सांगितलं की तपास करणारा संशयित नसतो, हा नियम आहे.

शुक्रवारी मला साक्षात्कार झाला. ही सगळी लक्षणं ओळखीची होती. पहिल्या रविवारची. हा एरंडेलाचा प्रताप होता आणि याबाबतीत माझ्याएवढा अनुभवी माणूस तालुक्यात नव्हता. मग एरंडेल कुणाकडे असतं? हिरी रानशेतला घरी बिया भाजून, कुटून, पाण्यात उकळून तेल काढते. आमच्या घरची बाटलीही तिनेच दिलेली. शिवाय तिने पोळी खाल्ली नाही आणि तिला काही झालं नाही. माझ्या घरची बाटलीही मी तपासली, उगाच पक्षपात नको. पण ती संशयाबाहेर होती, कारण ती रिकामी होती.

मी हिरीच्या घरी जाऊन जबाब घेतला. ती ओट्यावर बसून ऐकत होती. मी एरंडेलाचं नाव काढलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "नऊ वरसं मी त्या पोरांचं पाणी भरलं, गुरुजी," ती म्हणाली. "मी कुणाच्या ताटात असं घालीन का?" मला त्या क्षणी घरी पळून जावंसं वाटलं होतं, हे आता कबूल करतो. तेव्हा मी वहीत लिहिलं: आरोपी रडते, म्हणजे संशय पक्का.

शनिवारी राऊत सरांच्या ऑफिसात सगळे जमले. साहेब चार दिवसांत अर्धे झाले होते. हिरीला दाराशी उभं केलं होतं. मी अर्धा तास बोललो. विहीर झाली, गूळ झाला, एरंडेलाचा इतिहासही झाला. शेवटी मी दाराकडे बोट केलं आणि नाव घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात हिरीच्या मागून चक्कीवाला तुक्या आत आला. हातात कागद, कागदावर पिवळट, चिकट गोळा.

"केळुसकर गुरुजी इथं हायत का?" तो म्हणाला. "तुमच्या गव्हानं माझी चक्की बसली. चार दिवस झाले, दगड उपसून खरवडतोय. लोक पीठ परत आणतात, एरंडेलाचा वास मारतो म्हणून. गव्हाला चोळतात, आंघोळ नाय घालत."

मी तो गोळा खिशातल्या भिंगातून पाहिला, कारण दुसरीकडे कुठे पाहावं ते कळेना.

"किती घातलं होतंत?" राऊत सरांनी विचारलं.

"सगळं."

"सगळी बाटली? का पण?"

मी आजवर अनेकांना अवघड प्रश्न विचारलेत, पण इतका अवघड नाही. मी रविवारचं, चहाचं, कपाचं सगळं सांगितलं. साहेबांनी डोळे मिटून घेतले. चुरी भिंतीकडे तोंड करून थरथरत होते, आणि ते अशक्तपणामुळे नव्हतं.

"मी मळतानाच बोलली होती, गुरुजी," हिरी म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी सगळ्यांना प्रश्न विचारत फिरलो होतो आणि उत्तर मला पहिल्याच दिवशी फुकट मिळालं होतं. मी तिच्यासमोर हात जोडले. तिने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

राऊत सरांनी लेखी निवेदन मागितलं. मी तीन पानं लिहिली, पार्श्वभूमी, हेतू, तर्कशृंखला अशी. त्यांनी ती बाजूला सारली आणि दोन वाक्यं सांगितली: गव्हात बाटलीभर एरंडेल मी ओतलं. हिरीचा यात काहीही दोष नाही. साहेबांनी ती दोन वाक्यं दोनदा वाचली, शेरा पुस्तक ओढलं आणि लिहिलं, "पोळ्या अत्यंत मऊ होत्या. सदर बाई कायम करण्यास योग्य."

हिरीने पदराने डोळे पुसले आणि सगळ्यांना चहा ठेवू का म्हणून विचारलं. साहेब म्हणाले, ठेव, पण या गुरुजींना चुलीजवळ येऊ देऊ नकोस.

जूनमध्ये हिरीचा कायम झाल्याचा हुकूम आला. माझं निवेदन शाळेच्या फायलीत अजून आहे. माझ्या कारकिर्दीत पुराव्यासह पकडला गेलेला हा एकच गुन्हेगार, आणि त्याची सही मी कुठेही ओळखेन.