अडकलेल्या लिफ्टचा फॉलो-अप

जगात माणसं दोनच प्रकारची असतात: काम करणारी आणि त्या कामाचा फॉलो-अप घेणारी. पहिली थकतात, दुसऱ्यांना बढती मिळते. हेडक्लार्कसाहेब दुसऱ्या प्रकारातले. 'झालं का?' असं एकदा विचारणं ही नुसती चौकशी. तेच दर दहा मिनिटांनी विचारून रजिस्टरात चढवणं म्हणजे फॉलो-अप, हे सगळ्या ऑफिसच्या गळी उतरवायला त्यांना बावीस वर्षं लागली होती.

मंगळवारी अकरा वाजता लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्येच बंद पडली. आत साहेब एकटे. पण घाबरायचं काय कारण? त्यांनी मोबाइल काढला आणि आपल्याच सेक्शनला कामाला लावलं.

सेक्शनने साहेबांचं नाव राखलं. दोन वाजेपर्यंत लिफ्टच्या मेकॅनिकला बेचाळीस फोन, सहा स्मरणपत्रं (हातोहात, जिन्याने) आणि एक आढावा बैठक. बैठकीला मेकॅनिकला जातीने हजर राहावं लागलं. आत साहेब घामाने निथळत एकेक आकडा ऐकत होते आणि मान डोलावत होते. मध्येच बायकोचा फोन आला, डबा खाल्लात का म्हणून. डबा वर टेबलावर होता. लगेच त्याचाही फॉलो-अप सुरू झाला.

तीनच्या सुमारास मेकॅनिक दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाला, "साहेब, पान्याला हात लावला की फोन वाजतो. तुमच्या लोकांना पाच मिनिटं गप्प बसवा, काढतो तुम्हाला बाहेर."

साहेबांना क्षणभर मोह झाला. पाय भरून आले होते, पोटात कावळे ओरडत होते.

"आणि विचारणारंच कुणी नसलं, तर तुम्ही काम कराल कशावरून?"

"अहो, करीन की."

"बघा. म्हणजे अजून केलेलं नाहीच."

साहेबांनी सेक्शनला फोन लावला. दहा मिनिटांचा फॉलो-अप पाच मिनिटांवर आला.

सहाला ऑफिस सुटलं. रजिस्टर काठोकाठ भरलं होतं. इतका चोख दिवस वर्षात झाला नव्हता. मंडळी समाधानाने जिना उतरून घरी गेली.

आता तुम्ही विचाराल, 'मग साहेब सुटले का हो?' आभारी आहोत. तुमची चौकशी एकशे एकोणिसाव्या क्रमांकावर चढवली आहे. विचारलंत, तुमचं काम झालं. आता खुशाल पान उलटा.