रोज घरी येणारा रेडा

एका जंगलात पाण्यासाठी विहीर खणली आणि लागलं तेल. काळंकुट्ट, घाण वासाचं. जनावरांच्या घशाला कोरड पडली होती, पण वनराज शेठ सिंह आनंदाने नाचायला लागले.

"पाणी काय, कुठेही मिळतं!" ते म्हणाले. कुठे मिळतं ते त्यांनी सांगितलं नाही. मोठी मंडळी असलं सांगत नसतात, मुलांनो. जांभया देऊ नका, ऐका.

त्या जंगलात म्हादबा नावाचा रेडा ट्रक चालवायचा. त्याचा दोस्त झुंबर उंट, तोही ट्रकवरच. दोघं लांबच्या पल्ल्याचे. कांदे घेऊन समुद्राकडे जायचे, मीठ घेऊन परत यायचे. मध्ये महिनेच्या महिने जायचे.

एकदा म्हादबा असाच घरी आला, तर त्याचं रेडकू डबू आईच्या पोटाखाली लपलं.

"आई, हे काका कोण?"

स्वतःच्या पोराचा काका! त्या दिवशी म्हादबाने पेंडीला तोंड लावलं नाही, म्हणजे बघा.

तेवढ्यात विहिरीच्या फाटकावर पाटी लागली. 'तेलाच्या टँकरवर ड्रायव्हर पाहिजेत. रोज घरी!' विहीर तर म्हादबाच्या अंगणातून दिसायची.

"विचार कर हां," झुंबर म्हणाला. "शेठ फुकट काही देत नाही."

"तू गप रे! माझ्या पोराने मला बाबा म्हटलं पाहिजे. बास."

फाटकावर रंगराव साळिंदर बसायचे. कडक इसम. "काडीपेटी काढा. विडी काढा. मोबाइल काढा." तेलाजवळ ठिणगी पडली तर जंगल जाईल, म्हणून हा नियम. नियम चांगला होता, त्याला नावं ठेवायची नाहीत. म्हादबाने फोन दिला आणि टँकर रांगेत लावला.

आई गं, ती रांग! पंप खोकायचा आणि बंद पडायचा. हत्ती मिस्त्री यायचा, सोंड घालून बघायचा, "होईल" म्हणायचा आणि जेवायला जायचा. रांग सोडली की नंबर गेला. तेल ओतायची टाकी टेकडीपलीकडेच, पण रस्ता म्हणजे नुसता राडा. रांगेतून म्हादबाला घरच्या चुलीचा धूर दिसायचा, अंगणात उड्या मारणारं डबू दिसायचं. तो हाका मारायचा. पंपाच्या धडधडीत ऐकू येतंय कप्पाळ!

तो निघायचा तेव्हा डबू झोपलेलं. यायचा तेव्हाही झोपलेलं. सुट्टी? तेल रविवार पाळत नाही. पाटी मात्र खोटी नव्हती हां. रोज घरी म्हणजे रोज घरी. घरात जागं कोण असेल, ते शेठनी कुठे लिहिलं होतं?

म्हादबाची बायको ठकूबाई संध्याकाळी फोन लावायची, पोराच्या हातात द्यायची आणि कामाला लागायची. फोन वाजायचा फाटकावर. त्या कटकटीला वैतागून एक दिवस रंगरावांनी तो उचलला.

"बाबा?" डबू म्हणालं.

रंगराव 'नाही' म्हणणारच होते. पण डबूने पडलेल्या दाताची गोष्ट सुरू केली, आणि फाटकावर एकटं बसून बसून रंगरावांचा जीव विटला होता. दाताचं पुढे काय झालं ते त्यांना ऐकायचं होतं. मग रोजच गप्पा. पाढे झाले, गाणी झाली. बाप-लेक बोलतायत म्हणून ठकूबाई खूश.

तिकडे झुंबर उंट लांबच्या ढाब्यावरून आपल्या पोरीला रोज व्हिडिओ कॉल करायचा. पोरगी त्याला नाकातला शेंबूडसुद्धा दाखवायची. लांबच्या पल्ल्यावर असताना म्हादबाला हे कधी सुचलंच नव्हतं. त्याच्या ट्रकला रांगही नव्हती आणि साळिंदरही नव्हतं.

मग शाळेचं गॅदरिंग आलं. 'येताना बाबांना आणावे.' म्हादबाने शेठचे पाय धरून रजा मिळवली. अंगावरचं तेल घासघासून काढलं. वडाखाली छाती काढून उभा राहिला.

"डबू, ये बाळा. मी बाबा."

डबू मागे सरकलं. "माझ्या बाबांचा आवाज असा नाहीये."

इतक्यात रंगराव धापा टाकत आले. "अहो म्हादबा, काल फोन फाटकावरच विसरलात की!"

"बाबा!" डबू किंचाळलं, सुसाट धावलं आणि त्याने साळिंदराला कडकडून मिठी मारली.

मुलांनो, साळिंदराला मिठी मारायची नसते. उरलेलं गॅदरिंग काटे उपसण्यात गेलं. रंगराव ढसाढसा रडत होते, कारण जन्मात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना मिठी मारली होती. म्हादबा पोराच्या नाकातला काटा ओढत होता.

"हळू ना काका," डबू विव्हळलं.

दुसऱ्या दिवशी म्हादबाने नोकरी सोडली आणि झुंबरबरोबर पुन्हा समुद्राची वाट धरली. निघताना रंगराव मान खाली घालून त्याला एवढंच म्हणाले, "दाताचं विचारा."

पहिल्याच ढाब्यावर त्याने घरी फोन लावला.

"कोण?" डबूने विचारलं.

"मी बाबा. खरा. त्या दाताचं पुढे काय झालं रे?"

मग डबूने गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.

तात्पर्य : लेकरांच्या जवळ राहायचं असेल, तर घरापासून जमेल तितकं लांब जावं. वनराज शेठना हे तात्पर्य फार आवडलं. फाटकावर आता नवी पाटी आहे : 'महिनोन्‌महिने घरी सोडणार नाही. लेकुरवाळ्यांना प्राधान्य.'