रूप बदलण्यास मनाई

एक्क्याण्णव सालच्या श्रावणात आमच्या गावी आलेला ताप हा शासनमान्य ताप होता. तो तीन दिवस राहील व चौथ्या दिवशी उतरेल, असे आरोग्य खात्याने परिपत्रक काढून कळवले होते. परदेशातून निघालेली ही साथ मुंबई, नाशिक करत जळगाव जिल्ह्यात येईतो पुष्कळ दमली आहे, असे खात्याच्या साहेबांचे म्हणणे. जनतेने घाबरू नये, पाणी उकळून प्यावे आणि चौथ्या दिवशी कामावर जावे. गावातल्या बहुतेक तापांनी सरकारला सहकार्य केले. आमच्या शेजारच्या रुक्माबाईंच्या तापाने केले नाही.

पाचव्या दिवशी त्यांच्या पोटात पाण्याचा घोट ठरेना. रविवारी त्यांच्या घरी आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी, कानबाई, बसायची होती, आणि तिच्या नैवेद्याच्या रोटांचे दळण तसेच कोपऱ्यात पडून होते. त्यांचे यजमान पितांबरभाऊ त्यांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात निघाले. सोबत बाईमाणूस हवे म्हणून मीही गेले.

"साहेब, हिना ताप उतरस नही," पितांबरभाऊ म्हणाले.

"कितवा दिवस?" डॉक्टरसाहेबांनी मान वर न करता विचारले.

"पाचवा."

"मग उतरला असेल."

"हात लाई देखा ना, साहेब!"

साहेबांनी हात लावला नाही, कारण ते शास्त्रीय वृत्तीचे होते. त्यांनी थर्मामीटर लावला. पारा एकशे तीनवर गेला. साहेबांनी तो झटकून खाली आणला आणि म्हणाले, "आमच्याकडचं सलाईन तीन दिवसांच्या तापाला मंजूर आहे. पाचव्या दिवसाचा ताप आमच्याकडे नाही."

"आमनाकडे शे ना पन!" पितांबरभाऊ म्हणाले.

यावर साहेब विरघळले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ताई, मला वाटतं विषाणूने रूप बदललंय. पण हे मी बोललो नाही. धुळ्याकडे तो नवा ठरलाय म्हणे, तिथे सलाईन मिळतंय. आजच जीप करा. बसमध्ये नेऊ नका, आडवी न्या."

साहेब जे बोलले नव्हते, ते दिवेलागणीपर्यंत सगळ्या गावाने ऐकले. आणि ताबडतोब गावात दोन पक्ष झाले. माजी सरपंच गुलाबनाना सत्ताधारी पक्षाचे, म्हणून जुनेवाले. "रूपबिप काही बदललं नाही," ते चौकात म्हणाले, "हा विरोधकांचा ताप आहे." डाळमिलवाले बन्सीलालशेठ विरोधक, म्हणून नवेवाले. "विषाणू बदलतो, फक्त सरकार बदलत नाही!" ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. दोघांपैकी एकालाही ताप आलेला नव्हता. त्यामुळे चर्चेची पातळी उंच राहिली.

चर्चेला आळा घालण्यासाठी वरून, जळगावहून, आदेश निघाला: 'विषाणू रूप बदलतो, अशा आशयाचे वक्तव्य सार्वजनिक ठिकाणी कोणीही करू नये.' आदेश चांगला होता. फक्त आमच्या पोलीस चौकीसाठी जी प्रत टाईप झाली तिच्यात काना गळाला आणि ष अर्धा झाला. चौकीत जो आदेश पोचला, त्याप्रमाणे विष्णू रूप बदलतो असे म्हणण्यास मनाई होती.

मंदिरात सप्ताह चालू होता. कीर्तनकार महाराज समुद्रमंथनाशी आले. "आणि मग विष्णूने मोहिनीचे..." एवढे म्हणताच सुपडू हवालदार उठून उभे राहिले.

"महाराज, रूप बदलायचं नाही."

"अहो, पण अमृत वाटायचंय!"

"वाटा की. आहे त्या रूपात वाटा."

"मग राक्षस भुलतील कसे?"

"ते आमच्या हद्दीत येत नाही."

महाराज पापभीरू. त्यांनी विष्णूला शंखचक्रासकट पंगतीत वाढायला उभे केले. राक्षसांनी देवाला लगेच ओळखले, कलश हिसकावला आणि अमृत पिऊन टाकले. हे शास्त्राला धरून नव्हते, पण आदेशाला धरून होते. देव हरल्यावर आरती करावी की नाही, याबद्दल बायकांत कुजबुज झाली. प्रसाद मात्र सर्वांनी घेतला. दुसऱ्या दिवशी प्रल्हादाच्या खांबातून कोणीच निघाले नाही. हिरण्यकशिपू वाट पाहून पाहून आत जेवायला गेला.

आता मात्र गाव पेटले. चौकीत विचारले तर उत्तर आले, की शुद्धिपत्रक येईपर्यंत देवाने कळ काढावी. विष्णूच्या हक्कासाठी जुनेवाले आणि नवेवाले एक झाले. गुलाबनाना आणि बन्सीलालशेठ यांनी एका ताटात फराळ केला. जळगावला मोर्चा न्यायचे ठरले, आणि गावातल्या आणि आसपासच्या झाडून साऱ्या जीपा त्यासाठी बोलावल्या गेल्या.

इतके दिवस जीपच्या भाड्याचे पैसे जमवत फिरलेले पितांबरभाऊ शेठजींच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. "शेठ, एक जीप सोडा. हिले धुळ्याले लई जानं शे. डोळा उघडस नही ती."

"भाऊ, धर्माचं काम आहे," शेठजी म्हणाले. "परवा घ्या ना. ताप कुठं पळून जातो?"

"आनि तू मोर्चामा येस नही का रे?" नानांनी दरडावले. "बठ्ठा गाव येऱ्हायना, तूच घर धरी बस!"

मोर्चा मोठा झाला. मागणी मान्य झाली. सुधारित आदेश निघाला: 'विष्णूस रूप बदलण्याची मुभा देण्यात येत आहे. विषाणूबाबतची मनाई कायम राहील.' जीपा गुलालाने लाल होऊन परतल्या, पेढे वाटले गेले. यावर मी काही म्हणत नाही. तो सोमवार होता, आणि उपवासाच्या दिवशी कुणाविषयी वाईट बोलू नये.

जीपांची वाट न पाहता त्याच सकाळी आम्ही रुक्माबाईंना एसटीत घातले. मागच्या बाकावर, डोके माझ्या मांडीवर. धुळे जवळ आले, तेव्हा फागण्याच्या अलीकडे त्यांनी डोळे उघडले. "अक्का, दळन झाकं का? अळ्या पडतीन," म्हणाल्या. मी झाकले म्हटले. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

धुळ्याच्या दवाखान्यात खिडकीतल्या कारकुनाने विचारले, "जिल्हा?"

"जळगाव."

"तिकडे विषाणूने रूप बदललेलं नाही. तुमचाच आदेश आहे. म्हणजे यांचा ताप जुना. जुन्याचं सलाईन तुमच्याकडे मिळेल."

"तठे सांगतस नवा, अठे सांगतस जुना," पितांबरभाऊंनी खिडकीचे गज धरले. "मंग हाई मरी कोनता तापमा?"

हा प्रश्न त्या खिडकीचा नव्हता. रुक्माबाई तिथेच बाहेर बाकावर गेल्या. मृत्यू धुळ्यात झाल्याने जळगावने तो मोजला नाही. बाई जळगावच्या असल्याने धुळ्याने मोजला नाही. साथीचे आकडे दोन्हीकडे समाधानकारक राहिले.

दहाव्याला सगळे गाव लोटले. "ताप जुनाच होता," गुलाबनाना म्हणाले. "नवा! माझ्याकडून लिहून घ्या," बन्सीलालशेठ म्हणाले. चर्चा रंगली. पितांबरभाऊ मुंडण केलेले डोके खाली घालून बसले होते. त्यांनी मध्येच एकदा विचारले, "एक जीप देतात तं?"

मग नानांनी त्यांच्या पाठीवरून मायेने हात फिरवला. "भाऊ, आपली मागणी तं मान्य व्हयनी ना!"

काय हे लोक, असे आपण म्हणाल. म्हणा. माझे हात जोडून एकच विचारणे आहे. महाराजांची मोहिनी अडली तेव्हा आपण हसलात. त्या वेळी शेजारच्या घरात रुक्माबाईंचा पारा कुठवर गेला होता, ते मी सांगितले नव्हते. आपणही विचारले नाही.