पुंडलिकरावांची डावखुरी बंदूक

"तुमची हे भरमार बंदूक हत्तीले नाई लागनार, पुंडलिकराव!" मोतीलाल शेजारच्या कुंपणावरून ओरडला.

"मडकं फोडून दाखवतो! चाळीस पावलांवरून!"

"कोनाची मदत न घेता?"

"कोनाचीच नाई. आठ दिवसांत."

"अन् नाई फुटलं तं?"

"तं साऱ्या आळीले रोडगे. चौकात. माह्या हातचे."

"फुटलं तं मी करतो!"

नालवाडीत अशी पैज लागली. तशी गरज काहीच नव्हती. रानडुकरं ज्वारीत शिरत, पुंडलिकराव आजोबांची ठासणीची बंदूक उडवत, डुकरं मान वर करून बघत आणि पुन्हा खायला लागत. दोन्ही बाजूंना सवय झाली होती.

बायको जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन पुलगावला. घरात आवाज करणारे दोघंच उरले होते. एक पाल आणि दुसरी ही बंदूक.

पण पैजेच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सगळी आळी शेतावर हजर. मदत घ्यायची नव्हती, पण सल्ला म्हणजे काही मदत नव्हे. सूत कातणारा हरिदास म्हणाला, "गोळीभोवतीची चिंधी पातळ झाली. गोळी नळीत खुळखुळते. हे जाड खादी घ्या."

बार झाला. गोळी दोन हात डावीकडे.

"गोळीले खादी नेसवली!" मोतीलाल म्हणाला. "आता ते कायले कोनाले मारते?"

सगळे हसले. पुंडलिकरावही हसले, आणि आपला हा आवाज ऐकून स्वतःच दचकले.

मग दारू कमी करून पाहिली. गोळी अर्ध्या वाटेतच पडली. दारू वाढवली, तर पुंडलिकराव पडले. गोळी डावीकडेच. रोज कोणी फुटाणे आणायचं, मोतीलालची बायको आनंदाबाई चहाची किटली आणायची.

पाचव्या दिवशी दुपारी नळी पुसताना पुंडलिकरावांना दोष दिसला. टोकावरची नेम धरायची माशी कशाला तरी आपटून उजवीकडे कलली होती, म्हणून गोळी डावीकडे जायची. हातोडीचा एक टोला पुरे होता. त्यांनी हातोडी उचललीसुद्धा.

"पुंडलिकराव!" कुंपणापलीकडून हरिदास ओरडला. "सांजच्याले सारे येऊन राह्यलो बरं का!"

पुंडलिकरावांनी हातोडी खाटेखाली सरकवली.

पैजेचा शेवटचा दिवस आला. पुंडलिकरावांनी हरायचं ठरवून अगदी मडक्याच्या मधोमध नेम धरला. बार झाला. धूर विरला. मडकं नव्हतं.

आळीनं एकच गलका केला. पुंडलिकरावांनी नळीचं टोक डोळ्यांजवळ नेलं आणि ते किंचाळले, "माशी सरळ कोनं केली?"



"म्हंजे?" मोतीलाल म्हणाला. "वाकडी हाय हे तुमाले ठाऊक होतं?"

"तुले कसं ठाऊक?"

"मीच सरळ केली. आज तुमी आंघोळीले गेलते तवा. माही बायको म्हने, एकट्या मानसाले हरवू नका."

"अन् भाऊ, तुमी काऊन नाई केली?" आनंदाबाईनं विचारलं.

पुंडलिकराव उगाच नळी पुसत राहिले. आनंदाबाईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा फुटाण्यांची पुडी धरून उभ्या असलेल्या आळीकडे.

"दुसऱ्याची मदत झाली," ती ठसक्यात म्हणाली. "भाऊ हरले! कनीक मळा!"

इतक्या खुशीत हरलेला माणूस नालवाडीनं पाहिला नव्हता. भर चौकात गोवऱ्या पेटल्या. पुंडलिकराव कोपरापर्यंत कणकेत बुडाले. कोणी रोडगा कच्चा म्हणालं, कोणी करपला म्हणालं. ते प्रत्येकाला आणखी एक वाढत होते.

जेवणं आटोपली. लोक हात धुऊन उठू लागले, तसे पुंडलिकराव घाईनं म्हणाले, "गोळी लागली खरी. पन एका बारानं काय समजते? मले तं दारूच सादळलेली वाटून राह्यली."

"पन मडकं तं फुटलं ना?" हरिदास म्हणाला.

मोतीलालनं त्याच्या तोंडात रोडगा कोंबला. "तू चूप बस. मलेबी तसंच वाटून राह्यलं, पुंडलिकराव. नाजूक काम हाय. रोज पाहा लागन. चार-पाच महिने तं सहज लागतीन."