करून टाक एकदाचं फॉरमॅट

डेटा कसा जपावा, हे आमच्या ऑफिसात मला विचारतात. विचारतात म्हणजे, मी सांगत सुटतो आणि कुणी थांबवत नाही. सोमवारी तर साहेबांसमोर याच विषयावर माझं रीतसर भाषण होतं. त्यामुळे घरच्या लॅपटॉपने मान टाकली तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही. घाबरली बायको. तिचा पीएचडीचा प्रबंध त्यात होता, आणि पुढच्या आठवड्यात तो विद्यापीठात द्यायचा होता.

"अगं, लॅपटॉप गेला, डिस्क शाबूत आहे," मी म्हणालो. "ती काढायची, बाहेरून जोडायच्या डबीत, म्हणजे केसमध्ये बसवायची, माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला जोडायची. संपलं!"

"संपलं हा शब्द नको," ती म्हणाली.

दुकानदाराने दोन केस समोर ठेवल्या. एक काळी, प्लास्टिकची. दुसरी अॅल्युमिनियमची, निळ्या दिव्याची.

"भरवशाची कुठली?"

"दोन्ही चालतात," तो जांभई देत म्हणाला.

मी दोन्ही हातांत तोलून पाहिल्या. निळ्या दिव्याची जड होती. भरवशाच्या गोष्टी जड असतात, असं माझं मत आहे. सासऱ्यांकडे बघून बनलेलं.

घरी येऊन डिस्क केसमध्ये बसवली, जोडली. दिवा लागला. स्क्रीनवर प्रश्न आला: डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

आता, फॉरमॅट हा शब्द आमच्या घरात बरेच दिवस गाजत होता. प्रबंधाचे समास, तळटीपा, अक्षरांचा आकार नियमात बसवून द्यायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते उद्यावर ढकलत होतो. पण त्या क्षणी ते डोक्यात असेल तर शपथ.

"फॉरमॅट करू का गं?" मी ओरडून विचारलं.

"अजून विचारतोस?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "बोलून बोलून जीभ झिजली माझी. करून टाक एकदाचं!"

"सगळं?"

"सगळं. एक पान सोडू नकोस."

इतकं ठासून सांगते म्हणजे हिने दुसरीकडे कॉपी ठेवली असणार, असं मी धरून चाललो. झटपट फॉरमॅटवर आधीच खूण होती, ती काढली, म्हणजे डिस्क मुळापासून पुसली जाईल, आणि बटण दाबलं. घाईचं काम मला पटत नाही.

बऱ्याच वेळाने ती हात पुसत आली. "समास किती ठेवलेस?"

"कसले समास?"

तिने स्क्रीनकडे पाहिलं, डिस्क कोरी होती. मग ती खुर्चीवर बसली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने बहिणीला फोन लावला आणि तो माझ्या हातात दिला. काय झालं ते मीच सांगितलं.

मेहुणी जवळच राहते. आली, पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि बहिणीच्या हातात ठेवला.

"हे काय?"

"तुझा प्रबंध. दर रविवारी येते तेव्हा उतरवून घेते." मग माझ्याकडे वळली. "भाऊजी, मागे तुम्ही मला डेटा कसा जपावा ते समजावलं होतं ना? ते ऐकून मला फार भीती वाटली."

बायको रडता रडता हसली. माझ्या जिवात जीव आला, आणि लगेच दुसरी गोष्ट आठवली.

"माझं सोमवारचं भाषण पण त्याच डिस्कवर होतं. ते घेतलंस का?"

"ते मी ऐकलंय भाऊजी," ती म्हणाली. "जाऊ द्या."

मी मुकाट्याने समास आखायला बसलो. केस मात्र उत्तम आहे हो, दिवा अजून लागतो.