भट्टीची नोझलं आणि तिसरा आग्रह

"अहो, भट्टी म्हणजे काय मोठं प्रकरण आहे का? स्वयंपाकाच्या शेगडीची थोरली बहीण! तिला तळघरात ठेवतात, एवढाच फरक!" लोवेल स्टेन्सरूडने रविवारी चर्चमधल्या कॉफीपानात चौदा माणसांसमोर जाहीर केलं.

एकतीस वर्षं गावच्या शाळेत मुलांना सुतारकाम आणि धातूकाम शिकवून निवृत्त झालेला माणूस. चौदाही जणांनी माना डोलावल्या. उत्तर मिनेसोटात माणसं मान डोलावतात म्हणजे त्यांना पटलेलं असतंच असं नाही. लोवेलला हे पक्कं ठाऊक होतं. पण माना आपल्यासाठी डोलायला लागल्या की ठाऊक असलेल्या पुष्कळ गोष्टी डोक्यातून निघून जातात.

प्रकरण असं होतं. बाहेर उणे तीस, आणि घर तापवणारी जुनी भट्टी नेमकी त्याच आठवड्यात निवर्तली. दुकानाची माणसं नवी भट्टी तळघरात बसवून गेली. ती कारखान्यातून आली होती शहरातल्या पाइपच्या गॅससाठी. लोवेलचं घर गावाबाहेर, गॅस अंगणातल्या टाकीतला. म्हणजे बर्नरची नोझलं, गॅस सोडणारी बारीक भोकाची टोकं, बदलायची, एक स्प्रिंग बदलायची आणि गॅसचा दाब मोजून बसवायचा. सगळं सामान एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भट्टीबरोबर आलं होतं. 'हे काम फक्त प्रशिक्षित माणसाने करावं' असंही पिशवीवर ठळक अक्षरांत छापलं होतं. लोवेलने ते वाचलं आणि म्हणजे आपल्यालाच उद्देशून, असा सरळ अर्थ लावला.

तोवर घर दोन विजेच्या हीटरांवर कसंबसं तगून होतं; खरी घाई होती ती शनिवारची. शनिवारी सासूबाई कॉफीला येणार होत्या. बोरघिल्डबाई, वय अठ्ठ्याऐंशी, बारा मैलांवरच्या शेतघरात एकट्या राहायच्या. डिसेंबरात बर्फावर घसरून पडल्या, आणि दीड तास तिथेच पडून होत्या. तेव्हापासून लोवेलच्या बायकोला, मार्लिसला, झोप नव्हती. "आई, हिवाळा आमच्याकडे काढ" म्हणून ती महिनाभर मागे लागली होती. शेवटी म्हातारी म्हणाली, "येऊन बघते. घर उबदार असलं तर विचार करीन." म्हणजे सगळं भट्टीवर येऊन ठेपलं होतं.

बुधवारी टाकी भरायला गॅस कंपनीची तंत्रज्ञ आली, रोझालिंडा. तिने टाकी भरली, पाइप कुठे गळत नाही ना ते तपासलं, तळघरात डोकावली आणि म्हणाली, "सर, नोझलं अजून पाइपच्या गॅसचीच आहेत. मी बदलून देते, दाबही बसवते. तासाभराचं काम. करू?"

"छे छे! तुम्हाला कशाला त्रास!" लोवेल म्हणाला.

आता हे 'छे छे' नीट समजून घेतलं पाहिजे. त्या भागात पहिला नकार म्हणजे नुसतं घसा साफ करणं. समोरच्याने पुन्हा विचारायचं, आपण पुन्हा "नको हो" म्हणायचं. हा दुसरा नकार म्हणजे खुर्ची पुढे सरकवणं. मग तिसऱ्यांदा आग्रह झाला की "बरं, आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर..." असं म्हणत मनापासून हो म्हणायचं. तिकडे लग्नंसुद्धा अशीच ठरलेली आहेत.

पण रोझालिंडाला टेक्सासहून येऊन चारच महिने झाले होते. तिच्याकडे नको म्हणजे नको.

"ठीक आहे सर!" ती म्हणाली, आणि खटकन पेटी बंद करून जिना चढून गेली.

लोवेल तिच्यासाठी भरलेला कॉफीचा पेला हातात धरून उभाच. दुसऱ्या आग्रहासाठी त्याने चेहरासुद्धा तयार करून ठेवला होता. बाहेर ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला.

"अरे, हाक मार की तिला!" मार्लिस वरून ओरडली.

"कशी मारू? मीच नको म्हटलं ना!"

"मग फोन कर."

"फोन केला तर तिला वाटेल, मला येत नाही."

"येतं का तुला?"

असा प्रश्न विचारल्यावर कुठल्याही स्वाभिमानी माणसाने जे केलं असतं, तेच लोवेलने केलं. पिशवी फोडली!

सुरुवात झकास झाली. गॅस बंद केला, वीज बंद केली. चार बर्नरची चार जुनी पितळी नोझलं काढून बशीत ठेवली. नवी चार त्याच बशीच्या दुसऱ्या कडेला ठेवली. स्प्रिंग बदलली. एवढ्यात मार्लिस कपड्यांची बादली घेऊन खाली आली. "ही माझी चांगली बशी इथे काय करते? शनिवारी लागेल मला!" असं म्हणत तिने आठही नोझलं एका बरणीच्या झाकणात ओतली आणि बशी घेऊन गेली.

जुन्या नोझलचं भोक मोठं, नव्याचं लहान. फरक सुईच्या टोकाएवढा. प्रत्येकावर आकडा कोरलेला असतो, तो वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा होता वर स्वयंपाकघरात. वर गेलं तर मार्लिस विचारणार, काय अडलं? लोवेलने आठही नोझलं बोटांवर चोळून पाहिली. "एकतीस वर्षांचा हात आहे हा," तो भट्टीला म्हणाला, आणि चार निवडून बसवली. दाब मोजायला यंत्र लागतं. ते नव्हतं, म्हणून दाब त्याने नजरेने मोजला.

सोबत एक चिकटपट्टीही होती. 'ही भट्टी टाकीच्या गॅससाठी बदलली आहे. बदल करणाऱ्याचं नाव:' लोवेलने तिच्यावर ठसठशीत अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि अंगठ्याने दाबून दाबून चिकटवलं.

भट्टी पेटली! दोन ज्योती निळ्या, दोन पिवळ्या. पिवळ्या जरा जास्तच उंच आणि डुलणाऱ्या. लोवेलला त्या फार घरगुती वाटल्या. संध्याकाळपर्यंत घर असं तापलं की मार्लिसने स्वेटर काढला. जानेवारीत! लोवेल दोन दिवस छाती पुढे काढून घरभर फिरत होता.

शुक्रवारी सकाळी मार्लिस बाजारात गेलेली असताना दिवाणखान्यातलं विषारी वायूचं अलार्मयंत्र वाजायला लागलं. चार वेळा पीं, थोडं थांबून पुन्हा चार वेळा. लोवेलने दार उघडून ते यंत्र बाहेर वाऱ्यात धरलं. गप्प झालं. आत आणलं. वाजलं. "बॅटरी गेली," लोवेलने निदान केलं, बॅटरी काढली आणि यंत्र खणात, पुसायच्या फडक्यांखाली ठेवून दिलं. पाहुण्यांसमोर पींपीं बरं दिसत नाही. सोमवारी नवी बॅटरी आणू.

शनिवारी दोन वाजता बोरघिल्डबाई आल्या. सोबतीला शेजारचे गेरहार्ट आणि आर्लिन क्वाली हे नवराबायको. टेबलावर लिंबाच्या वड्या, बटाट्याच्या पातळ पोळ्यांच्या लोणी-साखरेच्या गुंडाळ्या, आणि कॉफीवर कॉफी.

"घर छान उबदार आहे हो," गेरहार्ट म्हणाला. त्याचं डोकं ठणकत होतं. पण यजमानाच्या घरी बसून डोकं दुखतं म्हणणं म्हणजे त्याच्या कॉफीला नावं ठेवणं!

"भट्टी मीच सुरू केली," लोवेल म्हणाला. त्याचंही डोकं ठणकत होतं. त्याला वाटलं, हे यशाचं ओझं असेल.

"वडी घ्या ना आणखी," मार्लिस म्हणाली. तिला मळमळत होतं, पण वड्या तिनेच केल्या होत्या; बोलणार कुणाला?

"पोट अगदी भरलं," आर्लिन म्हणाली. तिचा पाण्याचा चौथा पेला चालला होता आणि तिला दोन मार्लिस दिसत होत्या. दोघींपैकी कुणाला वाईट वाटू नये म्हणून ती दोघींकडे बघून हसत होती.

"आई, तुला बरं वाटतंय ना?"

"वाईट नाही," बोरघिल्डबाई म्हणाल्या. दीड तास बर्फावर पडून राहिल्यावर उचलायला आलेल्या माणसांनाही त्या हेच म्हणाल्या होत्या.

एवढ्यात दारावर धाडधाड थापा पडल्या. रोझालिंडा! बुधवारचा तपासणीचा कागद द्यायला म्हणून ती वाट वाकडी करून आली होती. अंगणात तिने पाहिलं, तर भट्टीचा धूर सोडणाऱ्या पाइपखालचा बर्फ तव्याच्या बुडासारखा काळाकुट्ट.

"घरात विषारी वायू भरलाय! सगळे बाहेर! आत्ताच्या आत्ता!"

गेरहार्टने दोन्ही गुडघ्यांवर थापटलं आणि म्हणाला, "बरं, मग... निघावं म्हणतो."

निघण्याची ही तिकडची पहिली पायरी. तिथून गाडीपर्यंत पाऊण तास लागतो.

"एवढ्यात? आत्ता तर आलात!" मार्लिस सवयीने म्हणाली. "थांबा, वड्या बांधून देते."

"अगं नको, तुम्हालाच राहू दे," आर्लिन म्हणाली.

"दोन तरी!"

"बाहेर!!" रोझालिंडा किंचाळली.

"हो हो, निघतोच आहोत," गेरहार्ट दारात उभं राहून म्हणाला. "लोवेल, परवापासून थंडी कमी होणार म्हणे?"

"म्हणतात खरं. आई, तुम्ही आधी चला."

"मी कशाला आधी? पाहुण्यांना जाऊ दे," बोरघिल्डबाई म्हणाल्या.

"छे छे, तुम्ही वडीलधाऱ्या," क्वाली दांपत्य म्हणालं आणि दोन पावलं मागे, पुन्हा घरात सरकलं!

रोझालिंडाने एकेकाकडे पाहिलं. मग टेबलापाशी गेली, वड्यांचं काचेचं ताट उचललं आणि उघड्या दारातून सरळ अंगणात भिरकावलं!

"माझ्या आजीचं ताट!" मार्लिस त्यामागे धावली. मार्लिसला मदत न करणं बरं दिसलं नसतं, म्हणून आर्लिन धावली. आर्लिनमागे गेरहार्ट, गेरहार्टमागे लोवेल. रोझालिंडाने बोरघिल्डबाईंना कमरेला धरून अलगद बाहेर आणलं. अर्ध्या मिनिटात घर रिकामं! ताट बर्फात रुतलं होतं, साधा टवकाही उडाला नव्हता.

गावची अग्निशमनची माणसं आली. सातपैकी पाच लोवेलचे विद्यार्थी. त्यांनी फार अदबीने "सर, जरा मान वर करा" म्हणत त्याच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवला. कॉफीला जमलेले पाचही जण अग्निशमनच्या गाडीत ओळीने मुखवटे लावून बसले. पाऊण तासाने सगळ्यांची डोकेदुखी उतरली आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच, तक्रारी बाहेर आल्या.

"माझं तर पहिल्या कपापासूनच ठणकत होतं," गेरहार्ट म्हणाला.

"मला वाटलं, माझं बोलावणंच आलं," बोरघिल्डबाई म्हणाल्या. "म्हटलं, मार्लिसने एवढं केलंय, निदान वड्या संपेपर्यंत थांबावं."

मार्लिसने आईचा हात घट्ट धरला. लोवेल आपल्या बुटांकडे बघत राहिला.

घरातली हवा मोकळी करून, मुखवटा लावून रोझालिंडा तळघरात जाऊन आली. तिच्या तळहातावर चार नोझलं होती. "दोन नवी, दोन जुनी. जुन्यांतून दुपटीहून जास्त गॅस येत होता. तो नीट जळत नाही, काजळी धरते. धुराची वाट काजळीने अर्धी बुजली, बाहेर जाईना तो वायू घरात आला. ह्याला वास नसतो, सर. म्हणून तर अलार्म लावतात. घरात अलार्म नव्हता?"

"होता की!" मार्लिस म्हणाली. "भिंतीवर आहे. वाजला कसा नाही?"

लोवेलने मुखवटा बाजूला केला. एकतीस वर्षांत त्याने किती पोरांना विचारलं असेल, 'यंत्रावरची सुरक्षेची जाळी कुणी काढली?' आणि ती पोरं जमिनीकडे का बघायची, हे त्याला आज कळलं.

"वाजला होता," तो म्हणाला. "काल. मी बॅटरी काढली. खणात आहे, फडक्यांखाली."

मार्लिसने एकदा आईकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि मुखवटा पुन्हा तोंडाला लावला. ती दोन शब्द बोलली असती तर लोवेलला बरं वाटलं असतं. गाडीतल्या पाचही विद्यार्थ्यांना अचानक बाहेरचा बर्फ फार बघण्यासारखा वाटायला लागला.

दोन रात्री सगळ्यांनी क्वालींकडे काढल्या. सोमवारी रोझालिंडाने काजळी साफ केली, चारही नोझलं आकडे वाचून बसवली, यंत्र लावून दाब मोजला, ज्योती निळ्या झाल्यावरही तासभर हवा तपासत बसली. लोवेलने विजेरी धरली. तेवढंच काम त्याला दिलं होतं. तेही दोनदा "सर, इकडे धरा" असं ऐकून घेत. त्याच्या नावाची पट्टी मात्र खरवडून निघेना. इतकी मन लावून चिकटवली होती! शेवटी रोझालिंडाने तिच्यावरच नवी पट्टी लावली.

बोरघिल्डबाई आपल्या शेतघरी परतल्या; त्या आता कसल्या राहायला येतात, असं लोवेल धरूनच चालला होता. पण मंगळवारी म्हातारी दोन पेट्या घेऊन हजर!

"आई, तुम्ही राहणार?" लोवेल पेट्या घ्यायला पुढे धावला.

"राहते. माझ्या घरी मी एकटी, मला एकटीलाच धोका. इथे माझी मुलगी तुझ्याबरोबर राहते! कुणीतरी शहाणं माणूस घरात हवं." त्यांनी पेटीतून चार नवी अलार्मयंत्रं काढली आणि लोवेलच्या हातात न देता मार्लिसच्या हातात दिली.

तेव्हापासून म्हातारीची खुर्ची तळघराच्या दाराशी असते. तिथेच त्या विणत बसतात.

"कुठे निघालास?"

"काकडीच्या लोणच्याची बरणी आणायला, आई."

"हात दाखव."

लोवेल हात दाखवतो.

"खिसे."

परवा खिसे उलटे केले, तर उजव्यातून एक पेचकस पडला. तो तिथे कसा आला, हे लोवेलला शपथेवर माहीत नाही. बोरघिल्डबाईंनी तो उचलून लोकरीच्या टोपलीत टाकला. टोपलीत आधीचे तीन होते.